साठी बुद्धी नाठी: एका म्हणीविरुद्ध फिर्याद

दिवाळी अंकात एखादा विसरभोळा म्हातारा नसला तर अंक अळणी लागतो. कपाळावर चष्मा चढवून घरभर चष्मा शोधणारे आजोबा, चहात दोनदा साखर घालणारी आजी, जावयाला गडी समजून त्याच्या हाती पिशवी देणारे सासरे, ही मंडळी आमच्या विनोदी कथांची आणि व्यंगचित्रांची जुनी अन्नदाती. त्यांच्या जिवावर मीही जगलो आहे. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक आत्याबाई आहेत. त्या एकच गोष्ट पाहुण्यांना चारदा सांगतात, दुधवाल्याला दोनदा पैसे देतात आणि स्वतःच्याच घराचा पत्ता शेजाऱ्यांना विचारतात. त्या प्रकरणाला मी मोठ्या हौसेने नाव दिले होते: ‘साठी बुद्धी नाठी’. पुष्कळ वाचकांनी पत्रे पाठवून कळविले की कादंबरीत काय आवडले, तर आत्याबाई.

आज त्याच म्हणीविरुद्ध मी फिर्याद घेऊन उभा आहे. फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकांपुढे असला विषय काढणे हा रसभंग आहे, हे मला कळते. पण दिवाळीत आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर एका पंगतीला बसते, आणि ही म्हण ऐकू येते ती बहुधा याच पंगतीत. तेव्हा फिर्याद मांडावयाची ती इथेच. आरोपीच्या पिंजऱ्यात पहिला मीच उभा आहे, एवढे सांगितले म्हणजे कोणी रागावणार नाही.

माझा अधिकार विचाराल तर तो काहीच नाही. दहावी झालो, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक. मग चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आणि गेली वीस वर्षे एका तालुक्याच्या गावी मुलांना चित्रकला शिकवतो. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. मेंदूविषयी जे थोडेफार कळले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. माझ्या वर्गात हा गृहस्थ चित्रकलेत नेहमी काठावर पास होई. आज तो मेंदूच्या विकारांचा डॉक्टर आहे. त्याच्याकडे मला जावे लागले ते आमच्या अक्कामुळे.

अक्का म्हणजे माझी आत्या. चौथीत तिची शाळा सुटली, ऐन पंचविशीत नवरा गेला आणि माहेरी परत येऊन तिने भावाची तीन मुले वाढविली. त्यांतला धाकटा मी. तिच्या अनारशांना आमच्या आळीत तोड नव्हती. तांदूळ तीन दिवस भिजत घालावे, रोज पाणी बदलावे, मग निथळून, कांडून, चाळून गुळात मळावे, हे सारे ती घड्याळाकडे न बघता करी. तिच्या अडुसष्टाव्या वर्षीच्या दिवाळीत ती पिठाच्या परातीपुढे गुळाचा खडा हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली आणि मला म्हणाली, “आता पुढं काय करायचं रे?” मी ती म्हण म्हटली. स्वयंपाकघरातली सगळी माणसे हसली. अक्काही हसली.

त्यानंतर दोन वर्षे आम्ही हसत होतो. ती भाजीत मीठ दोनदा घाली, आम्ही हसत होतो. मग एके दिवशी तिने माझ्या पत्नीवर बांगड्या चोरल्याचा आळ घेतला. बांगड्या डाळीच्या डब्यात सापडल्या. पत्नी रडली, मी तिला म्हटले, “म्हातारपण आहे, मनावर घेऊ नकोस.” म्हणजे तीच म्हण, जरा सभ्य शब्दांत. शेवटी एका संध्याकाळी अक्का घरातून नाहीशी झाली आणि रात्री एस. टी. स्टँडवर सापडली. चाळीस वर्षांपूर्वी सुटलेल्या सासरच्या गाडीची ती वाट पाहत होती.

डॉक्टरने तिला पुष्कळ प्रश्न विचारले आणि मग कोरा कागद पुढे ठेवून सांगितले, “आत्याबाई, एक घड्याळ काढा. अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत असं दाखवा.” अक्काने वर्तुळ सुरेख काढले. जन्मभर पोळ्या लाटलेला हात तो! मग तिने आकडे घातले, ते सगळे उजव्या बाजूला दाटीवाटीने. डावी बाजू कोरीच राहिली. काटे काढले ते एक अकरावर आणि एक दहावर. मी चित्रकलेचा मास्तर. मुलांची हजारो वेडीवाकडी घड्याळे मी पाहिली आहेत आणि त्यांना गुण दिले आहेत. पण ते घड्याळ पाहून माझे हात गार पडले.

“सर,” तो म्हणाला, “दोन वर्षांपूर्वी का नाही आणलंत?”

मी म्हटले, “वयाप्रमाणे होतंय असं वाटलं.”

त्याने वाद घातला नाही. जाताना माझ्या हातात छापील मजकुराची दोनच पाने ठेवली. रॉबर्ट कॅट्झमन नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने १९७६ साली ‘आर्काइव्ह्ज ऑफ न्यूरॉलॉजी’ या मासिकात लिहिलेले ते संपादकीय. माझे इंग्रजी बेताचे. पुढे चार रविवार त्याने बसून मला ती पाने आणि त्यांच्या मागचा इतिहास समजावून सांगितला. तो इतिहास ऐकून मी थक्क झालो. कारण आमची म्हण केवळ मराठी नाही. सत्तर वर्षे ती शास्त्रज्ञांच्या डोक्यातही घर करून होती!

हकीगत अशी. १९०१ सालच्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. तिच्या दुखण्याचा आरंभ संशयाने झाला होता; नवऱ्यावर ती नाही नाही ते आरोप करी. आलोइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरने दुसऱ्याच दिवशी तिला तपासले. नाव विचारले तर तिने ‘ऑगस्टे’ सांगितले. नवऱ्याचे नाव विचारले तरीही ‘ऑगस्टे’च. डॉक्टरने हे सारे प्रश्नोत्तररूपाने टिपून ठेवले. ती कागदपत्रे १९९५ साली फ्रँकफर्टमध्ये पुन्हा सापडली, आणि त्यांत आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत अशा अर्थाचे तिचे उद्गारही आहेत. १९०६ च्या एप्रिलात ती वारली. तिचा मेंदू अल्झायमरने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा पेशींच्या बाहेर साचलेली कसलीशी पुटे आणि पेशींच्या आत गुंता झालेले तंतू त्याला दिसले. त्याच वर्षीच्या ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेत त्याने हे मांडले. कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

१९१० साली एमिल क्रेपेलिन या त्याच्या वडीलधाऱ्या प्राध्यापकाने आपल्या ग्रंथात या विकाराला ‘अल्झायमरचा रोग’ असे नाव दिले. पण नाव देताना त्याने एक भिंतही बांधली. पन्नाशीतल्या माणसाची बुद्धी गेली तर तो रोग. सत्तरीतल्या माणसाची गेली तर ते वार्धक्य! वास्तविक १९०७ सालीच प्रागमध्ये ऑस्कर फिशर या डॉक्टरने वृद्धापकाळी बुद्धी गमावलेल्या सोळा जणांचे मेंदू तपासले होते आणि त्यांतल्या बाराजणांत तीच पुटे पाहिली होती. पण फिशरच्या वाट्याला ना नाव आले, ना कीर्ती. ज्यू म्हणून नाझींनी त्याला पकडले आणि १९४२ साली टेरेझीनच्या कैदेत तो मेला. ज्याने म्हाताऱ्यांच्या मेंदूत डोकावून पाहिले, त्याची आठवण जगाने ठेवली नाही. दैवाचा विनोद म्हणतात तो हा.

भिंत मात्र उभी राहिली. तिच्या अलीकडे थोडे तरुण रोगी, त्यांना डॉक्टर आणि सहानुभूती. पलीकडे असंख्य म्हातारे, त्यांना म्हण. १९६० नंतर इंग्लंडातील न्यूकॅसल येथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी वृद्धांची जिवंतपणी परीक्षा घेऊन मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले आणि त्यांतली पुटे अक्षरशः मोजली. १९६८ साली त्यांनी दाखवून दिले की जितकी पुटे अधिक, तितकी बुद्धीची हानी अधिक. आणि ज्या वृद्धांची बुद्धी शाबूत होती त्यांच्या मेंदूत ही विकृती मुळात नव्हती किंवा थोडकी होती. तेव्हा वय हे कारणच नव्हे, कारण रोग.

कॅट्झमनची दोन पाने येतात ती इथे. त्याने म्हटले की दोन्ही बाजूंना मेंदू सारखाच बिघडलेला असेल तर मधली वयाची भिंत मनमानीची आहे, ती पाडा. भिंत पाडून त्याने हिशेब केला, तेव्हा हा विकार अमेरिकेतील मृत्यूच्या कारणांत चौथा किंवा पाचवा ठरत होता. आणि सरकारी मृत्युपत्रकांत त्याचे नावही नव्हते! दोन पानांचा मजकूर, पण त्याने लाखो माणसांना ‘म्हातारचळ’ या कोठडीतून बाहेर काढून रोग्यांच्या खाटेवर आणले. मी आजवर चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची सगळी पाने एका पारड्यात घातली तरी ही दोन पाने जड होतील.

आता या फिर्यादीवर प्रतिपक्षाचे म्हणणे काय, ते ऐकू. कारण हे प्रतिपक्ष माझ्या शिक्षकांच्या खोलीतच रोज चहा पितात.

एक स्नेही म्हणतात, “अहो, म्हणी काय खोट्या असतात? अनुभवाचे बोल असतात ते.” मी त्यांना आकडा सांगतो. आपल्या देशातील साठीपुढील माणसांची विस्तृत पाहणी करून २०२३ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांनुसार दर शंभरांत सुमारे सातजणांना बुद्धिभ्रंशाचा हा विकार आहे. एकंदर सुमारे ८८ लाख. सात ही संख्या लहान नव्हे, त्यांच्या घरांना विचारा. पण याचाच अर्थ असा की शंभरांतल्या त्र्याण्णवांची बुद्धी साठीनंतरही जागेवर आहे. चष्मा कुठे ठेवला ते विसरणे, ओळखीच्या माणसाचे नाव जिभेवर अडणे, हे वयाचे चाळे. त्यांना कोणी भिऊ नये. चष्मा हातात घेऊन तो कशासाठी असतो हेच न उमजणे, हे वयाचे काम नाही. शंभरांत त्र्याण्णव वेळा चुकणाऱ्या विद्यार्थ्याला मी वर चढवत नाही. मग या म्हणीला शहाणपणाच्या वर्गात कसे बसू द्यावे?

दुसरे म्हणतात, “हे सगळे पाश्चात्त्यांचे रोग. आपल्याकडे हळद आहे, नामस्मरण आहे, एकत्र कुटुंब आहे.” त्याच पाहणीने दाखविले आहे की हा विकार शहरापेक्षा खेड्यात आणि पुरुषांपेक्षा बायकांत अधिक आढळला. आणि एकत्र कुटुंबाविषयी म्हणाल, तर ‘कुटुंब सांभाळते’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबर असले तरी त्यातला कर्ता खोटा आहे. कुटुंब सांभाळत नसते. सांभाळते एक बाई. आमच्या घरी ती माझी पत्नी. जिच्यावर चोरीचा आळ आला, तीच रात्री तीनदा उठून दाराची कडी बघते. मी मात्र सभांतून एकत्र कुटुंबाचे गोडवे गाऊन येतो आणि गाढ झोपतो. गेल्या वर्षापासून आठवड्यातल्या तीन रात्री मी वाटून घेतल्या आहेत. पहिल्याच आठवड्यात मला कळले की आपण कशाचे गोडवे गात होतो.

तिसरे अधिक समंजस. ते विचारतात, “रोग म्हटले काय आणि म्हातारपण म्हटले काय, औषध तर नाहीच ना?” हा प्रश्न खरा आहे, म्हणून त्याचे उत्तर खरेच दिले पाहिजे. मेंदूची ही झीज भरून काढणारे औषध आज नाही. गोळ्या आहेत, त्या काहींना काही काळ थोडा आधार देतात. २०२३ साली अमेरिकेत लेकॅनेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. तेही झीज थांबवत नाही, थोडी मंद करते. आणि ते द्यावयाचे असते आरंभीच. आमच्यासारखी दोन वर्षे हसण्यात घालविलेल्यांसाठी ते नाही. पण याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. ज्याला आपण म्हातारचळ म्हणून सोडून देतो, त्यात कधीकधी अगदी वेगळी दुखणी दडलेली असतात: ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, थायरॉइडची मंदी, मनाची खोल उदासी, झोपेच्या गोळ्यांचा परिणाम, किंवा न्हाणीघरात घसरून पडल्यावर कवटीखाली हळूहळू साचलेले रक्त. यांवर इलाज आहेत. रक्ताच्या साध्या तपासणीने आणि एखाद्या छायाचित्राने यांतली बरीच उमगतात. ज्या घरात ती म्हण लगेच म्हटली जाते, त्या घरातला म्हातारा या तपासणीपर्यंत पोहोचतच नाही. मग सांगा, म्हण निरुपद्रवी कशी?

शिवाय टाळता येण्याजोगेही काही आहे. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली चौदा कारणे मोजली आणि म्हटले की ही सारी दूर करता आली तर जगातील जवळजवळ निम्मी, म्हणजे शंभरांत पंचेचाळीस, दुखणी टळू शकतील किंवा लांबतील. रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, ऐकू न येणे, एकटेपणा, या यादीत लहानपणी शिक्षण न मिळणे हेही एक आहे. ते वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. अक्काला चौथीतून काढले, कारण घरात पाणी भरायला कोणी नव्हते. तिच्याच कष्टावर आम्ही तिघे शिकलो.

चौथा पक्ष सर्वांत गोड बोलतो आणि मला त्याचीच भीती अधिक वाटते. तो म्हणतो, “म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण.” वीस वर्षे मुलांत काढलेला मास्तर म्हणून मी हे साफ नाकारतो. मुलाला घड्याळ येत नाही, कारण ते त्याला अजून यावयाचे आहे. आज चुकले तर उद्या येईल, या आनंदात ते चुकते. अक्काला घड्याळ येत होते. साठ वर्षे येत होते. जे हातचे जात आहे ते जाताना तिला दिसत होते. तिला ‘शहाणं बाळ’ म्हणून गोंजारणे म्हणजे तिच्या सबंध आयुष्यावर बोळा फिरविणे. इंग्लंडात ब्रॅडफर्डच्या टॉम किटवुड या संशोधकाने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ या पुस्तकात अशा वागण्याची यादीच दिली आहे: चेष्टा करणे, लहान मूल समजणे, माणूस समोर असून नसल्यासारखे बोलणे, फसवून कामे करवून घेणे. तो म्हणतो की असे करणारी माणसे दुष्ट नसतात. पण त्यांच्या या वागण्याने रोग्याचे उरलेसुरले माणूसपणही झिजते. ती यादी वाचताना मला वाटले, कोणीतरी आमच्या माजघरात बसून टिपणे घेतली आहेत.

मराठीला हा विषय गंभीरपणे मांडता येत नाही, असे मात्र कोणी समजू नये. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ सालच्या ‘अस्तु’ चित्रपटात मोहन आगाशे यांनी अल्झायमरने ग्रासलेला संस्कृत पंडित उभा केला आहे. तो चित्रपट पाहताना त्या पंडिताच्या विसरण्याला कोणी हसत नाही. तोच विषय मी हाताळला तेव्हा वाचक पोट धरून हसले. फरक विषयात नव्हता.

आता माझ्याविरुद्धचा पुरावा. डॉक्टरकडून आल्यावर महिनाभराने मी अक्काच्या खोलीतले जुने कॅलेंडर काढले. मागच्या कोऱ्या भागात, जिथे आपण दुधाचा हिशेब लिहितो, तिथे तिच्या चौथीतल्या अक्षरात आम्हा सर्वांची नावे लिहिलेली होती, नात्यांसह. माझ्या पत्नीच्या नावापुढे ‘भाच्याची बायको, चांगली आहे’. माझ्या नावापुढे ‘धाकटा भाचा, शाळेत मास्तर’. महिन्यामागून महिना तीच यादी. दर महिन्याला अक्षर अधिक कापरे आणि नावे थोडी कमी. पहिली यादी होती त्या अनारशांच्या दिवाळीतली. म्हणजे आम्ही हसत होतो तेव्हा तिला ठाऊक होते. ती हसली ती आमच्यापासून लपविण्यासाठी. आणि रात्री दार लावून एकटीच आम्हाला पाठ करीत बसली. घरात एक शिक्षक होता. त्याने विचारले असते, तर दोघांनी मिळून पाठ केले असते.

अक्का आज आमच्यातच आहे. मला ती बहुधा माझे वडील समजते आणि ‘दादा’ म्हणून हाक मारते. मी ‘ओ’ देतो. कादंबरीची नवी आवृत्ती निघावयाची आहे. प्रकाशकांना मी कळविले आहे की आत्याबाईंचे प्रकरण मी पुन्हा लिहिणार, या खेपेस आत्याबाईंच्या बाजूने. ते म्हणतात, विनोद जाईल. जाऊ दे.

वाचकांकडे मागणे थोडे आहे. या पंगतीत कोणी पुढचे पाऊल विसरून परातीपुढे थांबले, तर म्हण म्हणू नका. “मलाही आठवत नाही, चल, दोघं मिळून करू,” एवढेच म्हणा. आणि तुळशीचे लग्न होण्याच्या आत त्यांना डॉक्टरकडे न्या. ज्या घरात हे दुखणे आधीच आले असेल, त्या घरातल्या पुरुषांनी आज रात्रीपासून दाराची कडी पाहण्याची पाळी स्वतःकडे घ्यावी.